टंचाईत घडलेले इटलीचे अन्न

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा समितीचे अधिवेशन भरले. 10 डिसेंबर रोजी आपल्या दिवाळीची या वारशाच्या यादीत नोंद झाली आणि आपल्या वृत्तपत्राने ती बातमी यथायोग्य मोठी छापली. त्याच दिवशी, त्याच अधिवेशनात इटलीच्या स्वयंपाकाचीही नोंद झाली. ती बातमी मात्र चार ओळींत आटोपली आणि तिच्यासोबत पिझ्झाचे चित्र होते. पुढे रविवारच्या पुरवणीत इटालियन मेजवानीवर जो लेख आला, त्यात व्हाइट सॉस पास्ता, गार्लिक ब्रेड आणि चीज ओसंडून वाहणारा पिझ्झा यांच्या कृती देऊन ‘ही इटलीची हजारो वर्षांची खाद्यपरंपरा’ असे सांगितले होते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवले आहे आणि मुलगी नोकरीनिमित्त उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात स्थायिक झाल्यामुळे तिथल्या घरांतला स्वयंपाक जवळून पाहण्याची संधी मला मिळाली आहे. त्या लेखाने आपल्या वाचकांची जी समजूत होईल ती तशीच राहू द्यावी असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

युनेस्कोच्या त्या नोंदीत कोणत्याही एका पदार्थाची कृती नाही. रोज घरी रांधणे, हंगामात जे पिकते त्यावर भागवणे, उरलेले अन्न वाया जाऊ न देणे, घरच्यांनी एकत्र बसून जेवणे आणि हे सारे आजीने नातवंडांना हातासरशी शिकवणे, या नित्याच्या व्यवहाराची ती नोंद आहे. आपल्या लेखात नेमके हेच कुठे नव्हते. इटलीचे अन्न आज जगभरच्या महागड्या हॉटेलांत मिरवत असले तरी ते घडले आहे टंचाईत, आणि देशाचे होण्याआधी ते एकेका गावाचे होते. 1861 साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा उत्तरेकडच्या तोरिनोच्या माणसाला दक्षिणेकडच्या सिसिलीत काय शिजते याची फारशी कल्पना नव्हती. पेल्लेग्रिनो आर्तुझी या व्यापाऱ्याने 1891 साली फिरेंझे (फ्लॉरेन्स) येथे पदरमोड करून सर्व इटलीसाठी म्हणून पाकपुस्तक छापले आणि पुढच्या आवृत्त्यांत ठिकठिकाणच्या गृहिणींनी पत्राने कळवलेल्या कृती घालत ते वाढवत नेले. तरीही दक्षिणेला त्यात फारच थोडी जागा मिळाली.

टंचाई म्हणजे काय, हे तोस्काना प्रांतातल्या पावावरून कळते. तिथला रोजचा पाव बिनमिठाचा असतो आणि तो आठवडाभर पुरवायचा असतो. चौथ्या दिवशी तो दगडासारखा होतो, पण टाकला जात नाही. हिवाळ्यात पांढरा घेवडा, गडद हिरव्या लांब पानांची कोबीच्या कुळातली भाजी, गाजर आणि कांदा यांचे दाट सूप करून त्यात या शिळ्या पावाचे तुकडे घालतात. आदल्या दिवशीचे ते सूप दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळले, की त्याला खरी चव येते, आणि त्यावर ऑलिव्ह तेलाची कच्ची धार सोडतात. हीच ती रिबोल्लिता. उन्हाळ्यात तोच पाव पाण्यात भिजवून, पिळून, टोमॅटो, काकडी, कांदा आणि तुळशीच्या जातीची बेसिलची पाने घालून खातात, तर कधी टोमॅटोबरोबर शिजवून त्याची मऊ लापशी करतात. यांतल्या कोणत्याही पदार्थात मांस नाही, चीजही जवळजवळ नाही, आणि तरीही तोस्कानातली माणसे त्यांविषयी सणाच्या पक्वान्नाइतक्याच अभिमानाने बोलतात.

या गरिबीला देखणे रूप देऊन मोकळे होणे मात्र मला आहारशास्त्राची शिक्षिका म्हणून पटत नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात लोंबार्दी आणि व्हेनेतो या उत्तरेकडच्या भागांत शेतमजुरांच्या ताटात सकाळ-संध्याकाळ पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, आणि जवळजवळ तेवढेच असे. अमेरिकेतून आलेला मका युरोपने घेतला, पण मेक्सिकोतले लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, ती रीत घेतली नाही. चुन्याच्या पाण्यामुळे मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते आणि त्या प्रक्रियेवाचून ते बांधलेलेच राहते. परिणाम असा झाला, की त्वचा काळवंडून सोलणे, अतिसार आणि शेवटी बुद्धिभ्रंश असा पेलाग्रा हा रोग तिथे पसरला, आणि वेड्यांच्या इस्पितळांत या रोगाने भ्रमिष्ट झालेले शेतमजूर मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. या रोगाला ते नाव 1771 साली मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोल्ली या वैद्याने दिले. आपल्यालाही हा रोग परका नाही. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांमध्ये तो आढळत असे आणि हैदराबाद येथील पोषणसंशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. आज पोलेंता हॉटेलात मशरूमबरोबर नाजूक वाढली जाते, ते खुशाल वाढावे, परंतु लिहिणाऱ्याने तिचा हा इतिहास एका वाक्यात तरी सांगायला हवा.

दुसरे टोक दक्षिणेचे आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी नापोलीच्या (नेपल्सच्या) आणि चिलेन्तोच्या परिसरातल्या गरीब माणसांचे जेवण पाहिले. कडधान्ये, पालेभाज्या, पाव, पास्ता, ऑलिव्ह तेल, थोडे मासे आणि क्वचित मांस असे ते होते. या लोकांना हृदयविकार कमी होतो असे त्यांच्या लक्षात आले आणि पुढे 1958 पासून त्यांनी सात देशांत तुलनात्मक अभ्यास केला. ज्या आहाराला आज ‘मेडिटरेनियन डाएट’ म्हणून मासिकांतून मिरवले जाते आणि ज्याची युनेस्कोने 2010 साली नोंद घेतली, तो आहार त्या माणसांनी काही आरोग्याचा विचार करून निवडलेला नव्हता. मांस परवडत नव्हते, एवढेच त्यामागचे कारण होते. कीज स्वतः चिलेन्तोतल्या प्योप्पी या किनाऱ्यावरच्या खेड्यात अनेक वर्षे राहिले.

आता पास्त्याकडे येते, कारण आपल्या लेखातला सर्वांत मोठा गोंधळ तिथेच आहे. इटलीत पास्ता ही एक गोष्ट नाही, निदान दोन आहेत. उत्तरेला, विशेषतः एमिलिया प्रांतात, मऊ गव्हाचे पीठ आणि अंडी यांचा ताजा पास्ता करतात. 100 ग्रॅम पिठाला एक अंडे हे प्रमाण तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. दक्षिणेला अंडी महाग आणि कठीण दाण्याचा ड्युरम गहू मुबलक, म्हणून तिथे रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता होतो आणि वाळवून वर्षभर टिकवता येतो. नापोलीजवळच्या ग्रान्यानो या गावात तर एके काळी भर रस्त्यात बांबूंवर पास्ता वाळत घातलेला असे, कारण समुद्राचे आणि डोंगराचे वारे तिथे आलटून पालटून वाहतात. कारखान्यातल्या वाळवलेल्या पास्त्यासाठी ड्युरम गव्हाचा रवाच वापरला पाहिजे, असा कायदा इटलीने 1967 साली केला. मैद्याचा पास्ता शिजून लगदा होतो, ही आपल्याकडच्या अनेक गृहिणींची तक्रार असते. तिचे कारण पाकिटामागे छापलेल्या घटकांत सापडेल.

दक्षिणेतल्या बारी शहराच्या जुन्या भागात, एका अरुंद गल्लीत, बायका दारासमोर लाकडी पाट मांडून ओरेकिएत्ते हा पास्ता करताना दिसतात. रवा आणि कोमट पाणी यांच्या घट्ट मळलेल्या पिठाची बोटाएवढी जाड वळी करायची, तिचा नखाएवढा तुकडा कापायचा, बोथट सुरीच्या पात्याखाली तो पाटावर आपल्याकडे ओढायचा आणि वळलेला तुकडा अंगठ्यावर उलटा करून सोडून द्यायचा. एका बाजूने खरखरीत आणि मधे खोलगट असा कानाच्या आकाराचा तो तुकडा तयार व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. त्या बायका बोलत असतात, हसत असतात, आणि हात थांबत नाही. त्या खरखरीतपणामुळेच सलगमच्या जातीच्या किंचित कडू पाल्याची भाजी, लसूण आणि खारवलेले बारीक मासे त्याला चिकटून राहतात. आकार हा तिथे शोभेसाठी नसतो. कोणत्या आकाराबरोबर काय खायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून ठरलेले असते.

याहून विलक्षण उदाहरण सार्डिनिया बेटावरच्या नुओरो गावचे आहे. तिथे सु फिलिंदेउ नावाचा पास्ता करतात. ड्युरम गव्हाचे पीठ मळताना ते कोरडे वाटले तर साध्या पाण्याचा, पुरेसे ताणले जात नाही असे वाटले तर मिठाच्या पाण्याचा हात लावत राहायचे, आणि ते कधी ‘आले’ हे केवळ तळहाताला कळते. मग त्याची दोरी दोन्ही हातांनी ताणून दुमडायची, पुन्हा ताणायची, असे आठ वेळा केले की केसासारखे 256 धागे होतात. ते गोल ताटावर पसरून, त्यावर तिरक्या दिशेने दुसरा आणि तिसरा थर घालून, उन्हात वाळवतात. विणलेल्या पातळ कापडासारखे ते दिसते. मे आणि ऑक्टोबरमध्ये लुला येथील संत फ्रान्सिसच्या यात्रेला नुओरोहून लोक रात्रभर पायी चालत जातात, त्यांना मेंढीच्या मटणाच्या रश्श्यात हे धागे आणि पेकोरिनो चीज घालून वाढले जाते. उन्हाळ्यात अंगणात बसून हाताने शेवया ओढणाऱ्या आपल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कामाला किती कस लागतो हे वेगळे सांगायला नको. नुओरोतही आता ही कला अवगत असलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

गव्हाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक धागा सांगते, जो आपल्या पुरवणीत शोभला असता. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात पिकणारा आपला खपली गहू आणि तोस्कानातल्या गार्फान्याना खोऱ्यातला फार्रो हे एकाच जातीचे धान्य आहे. दोन्हींचे टरफल मळणीत सुटत नाही, ते कांडूनच काढावे लागते. गार्फान्यानाच्या फार्रोला युरोपीय संघाने 1996 साली भौगोलिक मानांकन दिले असून तिथे घेवड्याबरोबर त्याचे सूप करतात. आपल्याकडे त्याच धान्याची खीर होते आणि शेवयाही होतात. पाकिटातला मैद्याचा मॅकरोनी आणून ‘इटालियन’ करण्यापेक्षा खपलीचे ते सूप आपल्या वाचकांनी करून पाहिले, तर ते अस्सलपणाच्या अधिक जवळ जाईल, असे मला मनापासून वाटते.

चीजविषयी लिहिताना लेखात ‘पार्मेजान भुरभुरावे’ एवढेच म्हटले आहे. पार्मिजानो रेज्जानो हे चीज केवळ पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे जिल्हे आणि बोलोन्या व मान्तोव्हा या जिल्ह्यांचे नदीने ठरवून दिलेले भाग एवढ्याच प्रदेशात होते. मोदेनाजवळच्या एका सहकारी दुग्धालयात भल्या सकाळी ते होताना मी पाहिले आहे. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट हौदांत ठेवून सकाळी त्याची साय काढतात आणि त्यात सकाळचे ताजे, सायीसकट दूध मिसळतात. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत आदल्या दिवशीच्या निवळीचे (चीज काढल्यावर उरलेल्या पाण्याचे) विरजण आणि वासराच्या जठरातले रेनेट घातले, की थोड्याच वेळात दूध घट्ट बसते. मग कारागीर तारांच्या मोठ्या रवीने ते फोडतो, अगदी तांदळाच्या कणीएवढे होईपर्यंत, आणि 55 अंशांपर्यंत तापवून आच बंद करतो. कण्या तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. तो लाकडी फळीने उचलून, सुती कापडात धरून, दोन माणसे मधोमध कापतात, आणि जुळ्या भावंडांसारखे दोन गोल साच्यांत जातात. एका गोलाला सुमारे 550 लिटर दूध लागते आणि त्याचे वजन 40 किलोच्या आसपास भरते. जवळजवळ तीन आठवडे मिठवणीत आणि मग निदान 12 महिने लाकडी फळ्यांवर ठेवल्यानंतर तपासनीस लहानशा हातोडीने त्यावर सर्वत्र टकटक करून कान लावतो. आवाज पोकळ आला, म्हणजे आत भेग आहे. तसा गोल नापास झाला तर त्याच्या सालीवरची नावाची खूण खरवडून टाकतात. हे चीज इतके भरवशाचे मानले जाते, की क्रेदितो एमिलियानो ही बँक चीजचे गोल तारण ठेवून उत्पादकांना कर्ज देते.

इथेही काही वाया जात नाही. उरलेली निवळी परंपरेने डुकरांना पाजली जाते आणि त्याच डुकरांपासून पार्माचे प्रसिद्ध हॅम होते. चीजची टणक साल घरोघरी धुऊन सूपमध्ये उकळतात. शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट छापायला हवी होती: नियमाप्रमाणे केलेल्या अस्सल पार्मिजानोत वासराचे रेनेट असतेच, त्यामुळे आपल्या अर्थाने ते शाकाहारी नाही. आपल्या लेखातल्या कृतींवर ‘शुद्ध शाकाहारी’ असे छापले होते, हे मला गंभीर वाटते.

या चीजमागचे श्रम कोणाचे आहेत, हेही भारतीय वाचकाला कळले पाहिजे. पो नदीच्या खोऱ्यातले इटालियन तरुण पहाटेच्या धारा काढण्याचे काम सोडून गेले, तेव्हा गेल्या काही दशकांत ते काम पंजाबातून आलेल्या माणसांनी उचलले. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा येथे 2000 साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला, तो या गोठ्यांवर काम करणाऱ्या कुटुंबांचा. तिथे त्यांना बऱ्यापैकी स्थैर्य लाभले. रोमच्या दक्षिणेला लातिना भागातल्या भाजीपाल्याच्या शेतांवर मात्र चित्र वेगळे आहे. मुकादमांमार्फत, कागदपत्रांविना, किमान वेतनाच्या कितीतरी खाली राबवून घेण्याची पद्धत तिथे बोकाळली आणि तिच्याविरुद्ध इटलीला 2016 साली कडक कायदा करावा लागला. तरीही जून 2024 मध्ये त्याच भागात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, मालकाने त्याला इस्पितळात नेण्याऐवजी त्याच्या घरासमोर टाकून दिले, आणि दोन दिवसांनी तो रोमच्या इस्पितळात मरण पावला. इटलीतही यावर मोठे मोर्चे निघाले. एकत्र बसून जेवण्याच्या संस्कृतीचा गौरव होत असताना त्या टेबलावरची भाजी कोणी खुडली, हे न विचारणे मला जमत नाही.

मग आपल्याकडे जे ‘इटालियन’ म्हणून पोहोचले ते आले कुठून? त्याचे उत्तर स्थलांतरात आहे. 1876 ते 1915 या काळात सुमारे 1 कोटी 40 लाख माणसांनी पोटासाठी इटली सोडली, आणि त्यांतले लक्षावधी लोक अमेरिकेत गेले. गावी ज्यांना मांस सणासुदीला मिळे, त्यांना तिथे ते रोज परवडू लागले, तेव्हा खिम्याचे गोळे मोठे झाले, चीज वाढले आणि पास्ता हा जेवणातला पहिला पदार्थ न राहता सगळे जेवणच झाला. रोममधल्या आल्फ्रेदो नावाच्या हॉटेलमालकाचा लोणी आणि पार्मिजानोचा साधा पास्ता अमेरिकेत क्रीमने जड झाला आणि तिथून आपल्याकडे येईपर्यंत मैदा-दुधाचा व्हाइट सॉस झाला. स्थलांतरितांच्या त्या अन्नालाही स्वतःचा इतिहास आणि मान आहे. फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्दही तपासून घ्यावेत. टोमॅटो, मका, बटाटा, मिरची आणि घेवडा हे सगळे अमेरिकेतून आले. टोमॅटोच्या सॉसची इटालियन पुस्तकातली सुरुवातीची कृती सतराव्या शतकाच्या अखेरची, नापोलीची आहे. कार्बोनारा हा अंडी, चीज आणि खारवलेले डुकराचे मांस घातलेला पास्ता दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कोणत्याही इटालियन पाकपुस्तकात सापडत नाही. 1954 साली एका इटालियन मासिकाने दिलेल्या त्याच्या कृतीत तर ग्रुयेर हे स्विस चीज आणि लसूण आहे, जे आज रोममध्ये कोणी खपवून घेणार नाही. चियाबाता पाव 1982 साली आद्रिया गावात तयार झाला. राणी मार्गेरिताच्या सन्मानार्थ 1889 साली पिझ्झा केल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिच्या पुराव्याविषयी इतिहासकारांना शंका आहे. याचा अर्थ तिथली परंपरा खोटी आहे असा कोणी काढू नये. बोलोन्यात 1972 साली तालियातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्याची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी असे ठरवून तिचा सोन्याचा नमुना तिथल्या वाणिज्य मंडळात ठेवण्यात आला, आणि 1982 साली रागूची, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मांसाच्या सॉसची, कृतीही तिथेच रीतसर नोंदवली गेली. या नोंदी जुन्या नाहीत, पण आपल्या गावचे अन्न कसे असावे याविषयी एवढी आस्था असलेले लोक आजही तिथे राहतात, याची ती साक्ष आहे. आपल्या लेखात ‘स्पॅगेटी बोलोनीज’ हा बोलोन्याचा पदार्थ म्हणून दिला आहे. बोलोन्यात तो रागू अंड्याच्या रुंद तालियातेल्लेवरच वाढतात, कारण गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घरंगळून ताटात खाली राहतो.

रोजच्या दिवसाची घडीही पदार्थांइतकीच महत्त्वाची आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, लोक गल्ल्यापाशी उभे राहून छोट्या कपातली कॉफी दोन-तीन घोटांत संपवतात. उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. दूध घातलेली कापुच्चीनो सकाळपुरतीच असते, जेवणानंतर ती मागवणारा परदेशी असतो हे सगळ्यांना कळते. नापोलीत एक सुंदर चाल आहे: एखादा गिऱ्हाईक दोन कॉफींचे पैसे देतो आणि एकच पितो. दुसरी, ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा कोणासाठी तरी राखून ठेवलेली असते. त्या माणसाने दारातून डोकावून ‘आहे का एखादी?’ एवढेच विचारायचे. देणारा आणि घेणारा कधी भेटत नाहीत. या कॉफीशी आपलाही संबंध आहे. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा खरेदीदार देश इटली आहे आणि कर्नाटकातल्या मळ्यांतली रोबस्टा जातीची कॉफी तिथल्या एस्प्रेसोला, म्हणजे त्या छोट्या कपातल्या कॉफीला, दाटपणा आणि वरची तांबूस साय देते.

दुपारचे जेवण एक वाजता आणि रात्रीचे आठच्या सुमारास. आधी पास्ता, भात किंवा सूप, तेही माणशी 80 ते 100 ग्रॅम कोरड्या पास्त्याचे, मग थोडे मांस, मासे किंवा अंडी आणि सोबत भाजी. रोममध्ये गुरुवारी ञ्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, शुक्रवारी मासे. बोलोन्यात नाताळला रश्श्यातले तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, नववर्षाला मसूर, नापोलीत ईस्टरला शिजवलेले अख्खे गहू आणि रिकोत्ता हे मऊ चीज घातलेली पास्तिएरा ही गोड मिठाई. मोदेनात माझ्या मुलीच्या शेजारच्या वृद्ध बाई नाताळच्या आदल्या दिवसांत मुली-सुनांना टेबलाभोवती बसवून तोर्तेल्लिनी वळवून घेतात, आणि ज्यांचे तोर्तेल्लिनी मोठे होतात त्यांना पुन्हा करायला लावतात.

माझी आपणास विनंती आहे, की पुरवणीत इटलीवर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा ते एकेका प्रांतावर लिहून घ्यावे आणि कृतीसोबत गाव, हंगाम आणि ती कोणाच्या घरची आहे हे द्यावे. तूर्तास पुढच्या रविवारी निदान तीन दुरुस्त्या छापाव्यात. पार्मिजानो वापरलेल्या कृतींवरचा ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द काढावा. पास्ता उकळताना पाण्यात तेल घालावे आणि शिजल्यावर तो गार पाण्याने धुवावा असे जे दिले आहे, ते मागे घ्यावे, कारण तेलामुळे सॉस धरत नाही आणि धुतल्याने पास्त्यावरचा स्टार्च निघून जातो. त्याऐवजी इटालियन घरांतले प्रमाण द्यावे: 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढून सॉसच्या कढईत घालायचा, आणि त्याचे वाटीभर पाणी बाजूला ठेवून सॉस मिळून येईपर्यंत थोडे थोडे घालायचे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे